नाव नको, फक्त सही

आमच्या पुढे रांगेत जो माणूस होता त्याच्याकडे एक जाडजूड फोल्डर होता, आत प्लास्टिकचे कप्पे आणि प्रत्येक कप्प्यात एक बेसबॉल कार्ड, आणि तो ते इतक्या हळुवार हाताने उलटत होता की मी मोबाईल बघायचा सोडून त्याच्याकडेच बघत उभी राहिले. त्याचा नंबर आला. टेबलामागचा खेळाडू अगदी पोरगेलासा, मोठ्या टीममध्ये अजून धड खेळलेलाही नाही. त्याने पेनचं टोपण काढलं आणि सवयीने विचारलं, कुणाच्या नावाने लिहू? माणूस म्हणाला, "नाव नको, फक्त सही." खेळाडूने मान हलवली, सही केली, झालं. मग माझी लेक पुढे गेली. तिने आपलं नाव एकेक अक्षर सुटं करून सांगितलं, मराठी नाव आहे, इथे कुणालाच ते पहिल्या फटक्यात जमत नाही त्यामुळे तिला आता ती सवयच झालीये, आणि त्या मुलाने बॉलवर आधी तिचं नाव नीट लिहिलं, मग खाली स्वतःची सही केली. आम्ही बाजूला झालो तर तो फोल्डरवाला तिथेच कार्ड कप्प्यात सरकवत उभा. बॉलकडे बघून हसला आणि अगदी प्रेमाने, म्हणजे खवचटपणा अजिबात नाही, लेकीला म्हणाला, "छान आहे, पण नाव घालून घेतलंस ना, आता त्याची किंमत निम्मी झाली."

लेकीने माझ्याकडे बघितलं. इथे राहून राहून जे एक हसू आपोआप शिकायला होतं ते मी हसले आणि आम्ही पुढे सरकलो. पण ते वाक्य काही केल्या डोक्यातून जाईना. ट्रेनमध्ये नाही, घरी येऊन कुकर लावताना नाही, सोमवारी ऑफिसात कोणीतरी बजेटवर तावातावाने बोलत होतं तेव्हा तर नाहीच.

निम्मी म्हणजे कुणाच्या हिशोबाने निम्मी?

तर हे सगळं मिनियापोलिसचं, जानेवारीअखेरचं, ट्विन्सफेस्टचं, म्हणजे मिनेसोटा ट्विन्स या इथल्या बेसबॉल टीमच्या फॅन्ससाठीच्या मेळाव्याचं. मिनेसोटातल्या मराठी माणसांना जानेवारीबद्दल काही सांगायला नको आणि बाकीच्यांना सांगून कळणार नाही. नाकातले केस गोठतात, एवढंच सांगते. नवऱ्याने "तुम्ही दोघी जा, मी घरातलं बघतो" म्हणत ब्लँकेट वर ओढलं. लेक सॉफ्टबॉल खेळते, त्यातही कॅचर, आपल्या विकेटकीपरसारखी, म्हणजे उन्हाळाभर गुडघ्यांवर बसून धूळ खायची आणि वर "मज्जा आली" म्हणायचं. मी क्रिकेटच्या घरातली, बेसबॉलमधलं मला जे कळतं ते तिच्या मॅचेसना खुर्ची टाकून बसून बसून कळलेलं, अजूनही कुणी आउट कसा झाला ते शेजारच्या आईला विचारावं लागतं. तरी मी गेले, कारण बारा वर्षांच्या मुलीने आपणहून "आई तू चल ना" म्हणण्याचे दिवस किती उरलेत ते प्रत्येक आईला माहीत असतं. ब्लू लाइनमध्ये सगळा डबा त्याच गर्दीचा होता, जाड जॅकेटवरून जर्सी चढवलेली त्यामुळे सगळेच दुप्पट आकाराचे, आणि बुटांना रस्त्यावरच्या मिठाचे पांढरे डाग. टार्गेट फील्डच्या, म्हणजे ट्विन्सच्या स्टेडियमच्या, आत शिरलं की एकदम गरम हवा अंगावर येते आणि तिच्यात सगळंच मिसळलेलं असतं, बटरचे पॉपकॉर्न, हॉट डॉगवरचा कांदा, ओली लोकर, आणि त्या सगळ्यावर शार्पी पेनाचा तो झोंबरा वास. काचेतून खाली मैदान दिसतं. मैदान कसलं, नुसता बर्फ. बेस नाहीत, गवत नाही, आणि आत हजारो लोक त्या न दिसणाऱ्या मैदानाबद्दल बोलतायत.

फॅन्ससाठी असा हिवाळी मेळावा भरवायची पद्धत शिकागो कब्सनी १९८६ साली पाडली, मग बाकीच्या टीम्सनी उचलली. ट्विन्सचा मेळावा पूर्वी मेट्रोडोम या त्यांच्या जुन्या बंदिस्त स्टेडियममध्ये व्हायचा, ते कापडी छप्पर डिसेंबर २०१० मध्ये बर्फाच्या ओझ्याने फाटून खाली आलं तेव्हा पुढच्या महिन्यातला मेळावा ब्लेन या उपनगरात हलवला होता, आणि इथली जुनी माणसं ती गोष्ट अजून घरचं लग्न ऐनवेळी दुसऱ्या कार्यालयात करावं लागल्याच्या थाटात सांगतात. वेळ मात्र अचूक निवडलेली आहे. ऑक्टोबरपासून बॉल बघितलेला नसतो, फ्लोरिडात फोर्ट मायर्सला सीझनआधीच्या सरावासाठी पिचर आणि कॅचर जमायला अजून दोनतीन आठवडे असतात, आणि मागचा सीझन कसाही गेला असला तरी जानेवारीत अजून एकही मॅच हरलेली नसते. एका हॉलमध्ये प्रश्नोत्तरं चालली होती, तिथे एक गृहस्थ माईक हातात घेऊन मॅनेजमेंटला बुलपेनबद्दल, म्हणजे मॅचच्या मध्यात बदली येणाऱ्या पिचर्सबद्दल, जे झापत होते ना, आणि मॅनेजमेंटची माणसं पण शांतपणे "तुमचा मुद्दा बरोबर आहे" म्हणत होती. मला वाटलं, हे झेपणं पण पगारात धरलेलं असणार.

सह्यांचं प्रकरण वेगळंच. आम्ही गेलो तेव्हा मोठ्या नावांच्या सहीला वेगळं तिकीट होतं, ते पैसे ट्विन्सच्या कम्युनिटी फंडाला जातात, मुलांच्या मैदानांना वगैरे, त्यामुळे कुरकूर करायलाही जागा नाही. लेकीला खरं तर जो मावर हवा होता. तिलाच काय, सगळ्यांनाच हवा होता. सेंट पॉलचाच मुलगा, २००१ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे टीम्स नवे खेळाडू निवडतात त्यात, पहिला निवडलेला, कॅचर असून तीनदा बॅटिंगचं टायटल, म्हणजे सीझनमधली सगळ्यात चांगली सरासरी, घेतलेला, जे त्याच्याआधी अमेरिकन लीगमध्ये एकाही कॅचरला एकदाही जमलं नव्हतं. डोक्याला बॉल लागून लागून शेवटी कॅचिंग सोडावं लागलं, आणि मग २०१८ साली शेवटच्या मॅचमध्ये फक्त एका बॉलसाठी पुन्हा कॅचरचा सगळा जामानिमा घालून प्लेटमागे येऊन बसला. तो व्हिडिओ लेकीने मला इतक्या वेळा दाखवलाय की आता माझ्याही डोळ्यात पाणी यायचं टायमिंग ठरलेलं आहे. कूपर्सटाउनच्या बेसबॉल हॉल ऑफ फेममध्ये २०२४ ला गेल्यापासून तर विचारूच नका. त्याची तिकिटं केव्हाच संपलेली होती. मग तिने यादी बघून दुसरा कॅचर शोधला, हा पोरगेलासा, ज्याचं नाव मी कधी ऐकलं नव्हतं आणि बहुतेक रांगेतल्या अर्ध्या लोकांनीही नसावं. रांग छोटी होती. आम्हाला बरंच झालं.

पेनाचंही एक शास्त्र असतं हे तिथे कळलं. बॉलवर निळा बॉलपेन, कार्डावर आणि फोटोवर शार्पी. शार्पीने बॉलवर सही घेतली तर शाई चामड्यात पसरते, काही वर्षांनी अक्षरांना झालर येते. बॉलला एकशेआठ दुहेरी टाके असतात, लाल दोऱ्याचे, आणि त्या दोन शिवणी जिथे एकमेकींच्या सगळ्यात जवळ येतात ती अरुंद पट्टी म्हणजे स्वीट स्पॉट, तिथली सही सगळ्यात मानाची. हे मला आधी नुसतं ऐकून माहीत होतं, प्रत्यक्षात बघायला फार मजा आली. त्या मुलाने बॉल डाव्या हातात घेतला आणि न बघता अंगठ्याने फिरवला, शिवण अंगठ्याखाली लागली तसा थांबवला, तीन बोटांवर पेलला आणि मग पेन टेकवलं. गोल वस्तूवर लिहिणं सोपं नाही, घरी येऊन मी टेनिस बॉलवर करून बघितलं. पेन घसरतं, ओळ खाली उतरते, मनगट हवेत राहतं. त्याने लेकीच्या नावातलं प्रत्येक अक्षर लिहायच्या आधी बॉल पाव इंच फिरवला. म्हणजे पेन जागेवर आणि बॉल फिरतोय. कुणीतरी शिकवलं असेल, किंवा रोज शंभर बॉल पुढे आले की आपोआप येत असेल.

आणि लिहिता लिहिता त्याने विचारलं, कुठल्या पोझिशनला खेळतेस? ती म्हणाली, कॅचर. तेव्हा त्याने पहिल्यांदा नीट वर बघितलं. उजवा हात कुठे ठेवतेस, विचारलं. तिने पाठीमागे धरून दाखवला. तो म्हणाला, अंगठा? आणि स्वतःचा अंगठा मुठीच्या आत घालून दाखवला, बाहेर ठेवलास तर बॅटला चाटून आलेला बॉल एक दिवस तो मोडणार, माझा मोडलाय. वाकडा अंगठा दाखवला पण. एवढ्यात स्वयंसेवक बाई "चला पुढे" म्हणाल्या, गोड पण ठाम, आणि आम्ही बाजूला झालो आणि मग ते किंमत निम्मी झाल्याचं वाक्य.

आमच्या घरी पण सह्यांची वही होती.

बाबांची. रेक्झिनचं कव्हर, आत गुलाबी, पिस्ता आणि पिवळी पानं, आणि बाइंडिंगला सुतळीने बांधलेला एक बॉलपेन, कारण खेळाडू सही करतो आणि पेन घेऊन निघून जातो हा बाबांचा अनुभव. स्वारगेटजवळ राहायचो, नेहरू स्टेडियमवर रणजीची मॅच असली की बाबा ऑफिसातून "जरा" लवकर निघायचे आणि जाळीपाशी जाऊन उभे राहायचे. जाळीच्या भोकातून वही आत जायची नाही म्हणून गेटपाशी थांबायचं, बस यायची वाट बघायची. उन्हाळ्यात वसंत व्याख्यानमाला, तिथे भाषण संपलं की स्टेजच्या मागे गर्दी. पण बाबांना नुसती सही चालायची नाही, "संदेश लिहा ना काहीतरी" म्हणायचेच. त्यामुळे त्या वहीत भरपूर वाचन करा, मोठे व्हा, देशासाठी काहीतरी करा, आणि एका गायकांनी तर नुसतं "रियाज!" लिहिलंय, बाबा आयुष्यात कधी गायले नाहीत. जे भेटायचे नाहीत त्यांना जोडकार्ड जायचं, म्हणजे उत्तराचं कोरं कार्ड आपणच जोडून पाठवायचं, समोरच्याला फक्त दोन ओळी खरडून पेटीत टाकायचं काम. काही कार्डं परत आली, बरीच नाही आली. अमेरिकेतले सह्या जमवणारे लोक आजही टपालाने अगदी हेच करतात, आपला पत्ता लिहिलेलं तिकीट लावलेलं पाकीट आत घालून कार्ड पाठवतात, हे मी इथे येऊन वाचलं तेव्हा मला बाबांना फोन करून सांगावंसं वाटलं होतं, आणि केला पण.

त्या वहीत पिस्ता पानावर एक सही आहे जी कुणाचीये ते कुणालाच माहीत नाही. रणजीच्या एका मॅचनंतरची. पहिलं अक्षर बी असेल किंवा आर, मग एक लांब शेपूट, शेपटीवर एक टिंब. बाबांचं म्हणणं ती एका फार मोठ्या फलंदाजाची आहे. काकाचं म्हणणं तो फलंदाज त्या मॅचला नव्हताच, ही बाराव्या गड्याची आहे. दर दिवाळीला फराळाच्या ताटावर हा वाद निघतो, जुने स्कोअरकार्ड काय म्हणतात ते इंटरनेटवर बघता येतं हे मी दोघांना सांगितलंय, पण दोघांनाही ते नकोय. बाकी सगळ्या सह्या वाचता येतात आणि त्यांच्याबद्दल घरात कुणी चकार शब्द काढत नाही.

ट्विन्सफेस्टच्या त्या छोट्या रांगेत आमच्या मागे एक आजोबा होते, ऐंशीच्या घरातले, हातात काही नाही, ना बॉल ना कार्ड. मी विचारलं सही कशावर घेणार? म्हणाले सही नकोय मला, मी बघायला आलोय पोरगं कसं लिहितं ते. मला वाटलं थट्टा करतायत. मग त्यांनी हार्मन किलब्रूची गोष्ट सुरू केली आणि इथे सांगते की मिनेसोटात हे नाव घेताना लोकांचा आवाज बदलतो. पाचशे त्र्याहत्तर होमरन मारणारा माणूस, १९६९ चा एमव्हीपी म्हणजे लीगमधला सर्वोत्तम खेळाडू, टोपणनाव "किलर" आणि स्वभाव असा की त्या नावाचं हसू यावं. पोरवयात तो आणि भाऊ घरापुढच्या अंगणात दंगा करायचे, आई ओरडायची की गवताची वाट लावताय, तर वडील म्हणायचे आपण गवत नाही वाढवत, पोरं वाढवतोय, ही गोष्ट त्याने स्वतः हॉल ऑफ फेमच्या भाषणात सांगितलेली. तर हा किलब्रू सही अशी करायचा की प्रत्येक अक्षर वाचता यावं, दोन्ही एल सुटे दिसावेत, शेवटचा डब्ल्यू पूर्ण. आणि नुसता स्वतः करायचा नाही, टीममधल्या तरुण पोरांच्या मागे लागायचा. टोरी हंटर नवा नवा असताना त्याची सही बघून किलब्रूने विचारलं होतं म्हणे की हे काय आहे, वाचता येत नाही, आणि समजावलं की लोक ही जपून ठेवणार आहेत, त्यांना कळायला नको का कुणाची ते. हंटरने सही बदलली. मग हंटर आपल्यानंतरच्यांच्या मागे लागला, मायकल कडायरचीही तीच गोष्ट. किलब्रू मे २०११ मध्ये कॅन्सरने गेला, पण आजोबांचं म्हणणं ट्विन्सच्या पोरांच्या सह्या अजून बाकीच्या लीगपेक्षा बऱ्या वाचता येतात. सगळ्यांच्या नाही, हेही त्यांनीच सांगितलं, आणि एक नाव घेऊन नाक मुरडलं, ते मी लिहीत नाही.

किलब्रू मला आधी माहीत होता, पण फक्त खुर्ची म्हणून. भारतातून कुणीही आलं की आपण त्यांना मॉल ऑफ अमेरिकाला नेतो, नाही का, काय करणार, जानेवारीत दुसरीकडे नेणार कुठे. हा मॉल १९९२ ला उघडला तो ट्विन्सच्या जुन्या मेट्रोपॉलिटन स्टेडियमच्या जागेवर. आतल्या अम्युझमेंट पार्कच्या एका कोपऱ्यात जमिनीत होमप्लेटची, म्हणजे बॅटर उभा राहतो त्या जागेची, पाटी बसवलीये, लोक तिच्यावरून स्ट्रोलर ढकलत जातात. आणि तिथून लांब, पार पलीकडच्या भिंतीवर, पाण्याच्या राइडच्या वर, एक लाल खुर्ची ठोकलेली आहे. ३ जून १९६७ ला किलब्रूने मारलेला बॉल ज्या खुर्चीवर जाऊन आदळला ती ही जागा, पाचशेवीस फूट. सासूबाई आल्या होत्या तेव्हा मी त्यांना होमप्लेटवर उभं करून ती खुर्ची दाखवली, त्यांनी डोळे बारीक करून बघितलं आणि म्हणाल्या, "तिथे बसलेल्या माणसाला लागलं नाही ना?" माझ्या ओळखीत या खुर्चीबद्दल हा प्रश्न विचारणाऱ्या त्या एकट्याच.

आता फोल्डरवाल्याकडे येते, कारण त्याला एकदम वाईट ठरवून मोकळं व्हायची माझी तयारी नाही. तो म्हणाला ते खरंच आहे. आत्ताच्या खेळाडूची सही विकायची असेल तर त्यावर दुसऱ्याचं नाव नको, कोण कशाला घेईल, आणि म्हणूनच बरेच खेळाडू मुद्दाम नाव विचारतात, म्हणजे ती वस्तू संध्याकाळी ईबेवर चढणार नाही. दोघंही आपापल्या जागी शहाणे. शिवाय आजकाल नव्या कार्डांच्या पाकिटात ज्या सह्या निघतात त्यातल्या पुष्कळशा खेळाडूंनी घरी बसून पारदर्शक स्टिकर्सच्या शीटवर केलेल्या असतात, कंपनी नंतर ते स्टिकर कार्डावर चिकटवते. म्हणजे सही करताना समोर कुणी नाही, कार्डसुद्धा नाही. तशा शेकडो करायच्या म्हटल्यावर नावाचं पहिलं अक्षर आणि एक रेघ एवढंच उरणार, त्यात त्या पोरांना काय बोलायचं.

खोट्या सह्यांची तर वेगळीच दुनिया. नव्वदच्या दशकात एफबीआयने "ऑपरेशन बुलपेन" नावाने एक मोठं रॅकेट पकडलं, घरात बसून ढिगाने सह्या ठोकणारी माणसं, बेब रूथपासून सगळे, आणि त्या मालात मदर तेरेसांची सही असलेला बेसबॉल पण होता. मी हे वाचून किती वेळ हसत होते. कलकत्त्यात कोण त्यांच्यापुढे बेसबॉल घेऊन गेलं असेल, आणि त्यांनी तो हातात घेऊन स्वीट स्पॉट शोधला असेल का, आणि मुख्य म्हणजे हे कुणीतरी खरं समजून विकत घेणार होतं. त्यानंतर २००१ पासून मेजर लीगने होलोग्रामची पद्धत आणली. आजीमाजी पोलीस लोक प्रत्यक्ष हजर राहतात, त्यांच्या डोळ्यांसमोर सही झाली तरच बॉलवर नंबर असलेलं चमकदार स्टिकर लागतं. म्हणजे सहीला साक्षीदार आला, तोही पोलीस. बाबांच्या वहीला तसा एक पोलीस असता तर पिस्ता पानाचा निकाल केव्हाच लागला असता आणि आमची दिवाळी फुकट गेली असती.

फोल्डरवाला पुन्हा भेटला, कॉफीच्या रांगेत. लेक माझ्यापेक्षा धीट, तिने सरळ विचारलं तुम्ही हे सगळे विकणार का? तो म्हणाला काही विकतो, काही नाही, आणि फोल्डर उघडून दाखवला. पहिल्या पानावर एक जुनं कार्ड होतं, कोपरे मऊ पडलेले, त्यावर शार्पीने त्याचंच नाव आणि खाली सही. ते विकाऊ नाही हे सांगावं लागलं नाही. मग त्याने खिशातून एक चौकोनी प्लास्टिकची डबी काढली, बॉल ठेवायची, तिला दिली आणि म्हणाला उन्हात ठेवू नको, निळी शाई उडते. मला जरा ओशाळल्यासारखं झालं, कारण मनातल्या मनात त्याच्याबद्दल मी सगळं ठरवून टाकलं होतं. तरी अजूनही वाटतं की बारा वर्षांच्या मुलीला ते वाक्य सांगायची गरज नव्हती. दोन्ही वाटतं. माणूस चांगला होता आणि वाक्य वाईट होतं, एवढंच म्हणते.

रात्री बाबांना व्हिडिओ कॉल लावला, त्यांची सकाळ. लेकीने बॉल कॅमेऱ्यासमोर धरला. बाबांनी चष्मा लावून आधी नातीचं नाव वाचलं, मग खालचं इंग्रजी नाव एकेक अक्षर लावत मोठ्याने, बरोबर वाचलं. पहिल्या झटक्यात. मी म्हणलं, बघा, याला म्हणतात सही, आणि किलब्रूची गोष्ट सांगायला लागले. बाबांनी ती अर्ध्यात तोडली. "संदेश नाही लिहून घेतलास?" असं नातीला विचारलं. ती म्हणाली, लिहून नाही घेतला आबा, पण सांगितला त्याने, आणि मूठ करून अंगठा आत घालून दाखवला. आबांना त्याचा अर्थ कळला नाही, त्यांनी पण पुण्यात बसून तसाच अंगठा आत घातला आणि म्हणाले हं, चांगलंय. काका मागून विचारत होता, कोण आहे हा, मोठा आहे का? मी म्हणलं अजून नाही. मग होऊ दे की, काका म्हणाला.

किमतीचं म्हणाल तर लेकीने ईबेवर बघितलं, अर्थातच बघितलं. त्या पोराची नाव नसलेली सही जेवढ्याला होती त्यात आमचं त्या दिवशीचं पॉपकॉर्न पण आलं नसतं. तिची निम्मी म्हणजे पाण्याची बाटली. तिला ते फार विनोदी वाटलं. मला पण वाटलं, आणि थोडं त्या मुलासाठी वाईटही वाटलं, की त्याचा भाव असा एका वेबसाईटवर आठवड्याला वरखाली होतोय आणि तो इकडे एकेका अक्षरासाठी बॉल पाव इंच फिरवतोय. डबी सध्या हॉलमधल्या शोकेसमध्ये आहे, गणपतीच्या मागे, खिडकीपासून लांब. नवऱ्याने विचारलं हा कुणाचा बॉल, तर ती म्हणाली माझा, वर नाव लिहिलंय की.

उन्हाळ्यात तो खेळाडू सेंट पॉल सेंट्सकडे होता. ट्विन्सची खालच्या पायरीची टीम, २०२१ पासून तीच, सीएचएस फील्डवर खेळते, तिकीट स्वस्त, बसायला गवताची उतरण आहे, आणि मॅचच्या आधी खेळाडू कठड्यापाशी येऊन फुकटात सह्या करतात. ना तिकीट, ना स्वयंसेवक बाई. आम्ही लवकर पोचलो. तो होता, कठड्याला टेकून, पेन हातात, समोर चारपाच पोरं. मी लेकीला म्हणलं जा, विचार ओळखतोय का. पण सेंट्सची एक परंपरा आहे, त्यांच्याकडे दर सीझनला एक खरंखुरं डुक्कर असतं, अंपायरला बॉल नेऊन देणारं, आणि त्याला हात लावायला पलीकडे जी रांग लागली होती ती जो मावरच्या रांगेच्या खालोखाल असेल. लेकीने एकदा इकडे बघितलं, एकदा तिकडे. "आई, तू त्याला सांग ना माझा अंगठा आत असतो म्हणून," म्हणाली आणि डुकराच्या रांगेकडे पळाली.